केस कशाची? राईच्या निमित्ताने गुणात्मक केस स्टडीबद्दल

"एकाच गावावर पीएचडी चालते का?" संशोधनाची तयारी करणाऱ्यांकडून हा प्रश्न इतक्या वेळा ऐकायला मिळतो, की उत्तर एकदा नीट लिहून टाकावं म्हटलं. चालते. फक्त एक अडचण आहे. गाव म्हणजे केस नव्हे. "मी राई गावाची केस स्टडी करणार आहे" हे वाक्य सिनॉप्सिसमध्ये लिहिलंत, तर समितीतलं कोणीतरी शांतपणे विचारेल, "बरं, पण केस कशाची?" याचं उत्तर एका वाक्यात देता आलं नाही, तर एकाऐवजी दहा गावं घेऊनही काही हाती लागत नाही.

हा लेख त्या एका प्रश्नाबद्दल आहे. मी स्वतः एमएस्सी करून या बाजूला आले आहे, त्यामुळे विज्ञान शाखेतून येणाऱ्यांचे आक्षेप मला आतून माहीत आहेत. सॅम्पल किती? कंट्रोल कुठे आहे? दुसऱ्याने केलं तर हेच उत्तर येईल का? हे आक्षेप उडवून लावण्यासारखे नाहीत. त्यांची उत्तरं केस स्टडीत आहेत, फक्त वेगळ्या जागी आहेत.

आधी शब्दाबद्दल थोडं. आपल्याकडच्या समाजशास्त्राच्या पुस्तकांत केस स्टडीला 'व्यष्टी अध्ययन' म्हणतात, काही ठिकाणी 'व्यक्ती अभ्यास' असंही दिसतं. हा दुसरा शब्द नेट-सेटच्या तयारीपुरता ठीक आहे, पण त्यामुळे केस म्हणजे एखादी व्यक्ती असा समज होतो. केस ही व्यक्ती असू शकते, तशीच शाळा, संस्था, एखादा निर्णय, एखादं आंदोलन, एखादी योजना हीसुद्धा असू शकते. मी इथे सरळ 'केस' असंच लिहिते. रॉबर्ट यिन यांचं या पद्धतीवरचं पुस्तक १९८४ मध्ये आलं आणि अजून बहुतेक गाईड तेच वाचायला सांगतात. त्यांच्या म्हणण्याचा गाभा असा, की एखादी घटना तिच्या खऱ्या परिस्थितीत राहूनच तपासायची असते, आणि घटना कुठे संपते व परिस्थिती कुठे सुरू होते ही रेघ स्पष्ट नसते, तेव्हा केस स्टडी उपयोगी पडते. प्रयोगशाळेत आपण ही रेघ स्वतः आखतो. तापमान स्थिर ठेवतो, एक घटक बदलतो. गावात असं करता येत नाही. म्हणून रेघ कुठे आखली आणि का आखली, हे लिहून दाखवावं लागतं. केस स्टडीतलं निम्मं काम हेच आहे.

राईत काय काय आहे

भाईंदर पश्चिमेला उतरून उत्तनचा रस्ता धरला की मुर्धे, राई, मोर्वा ही गावं एकामागोमाग लागतात. मिठागरं, खाजणं, जुनी आगरी वस्ती, आणि मागून सरकत येणाऱ्या इमारती. कागदावर हा सगळा भाग शहर आहे. मीरा-भाईंदर नगरपरिषद १९८५ मध्ये झाली, तिची हद्द पुढे वाढत गेली आणि २००२ मध्ये महानगरपालिका झाली. पण सातबाऱ्यावर अजून 'मौजे राई' आहे, आणि माणसं स्वतःला राईगावची म्हणवतात.

याच पट्ट्यात मेट्रो ९ ची कारशेड येणार होती. दहिसर पूर्व ते मीरा-भाईंदर ही मार्गिका. तिच्या कारशेडसाठी आधी राई-मुर्धे-मोर्वा परिसरातली जागा ठरली होती. गावकऱ्यांनी विरोध केला. पुढे कारशेड उत्तनजवळच्या डोंगरीला हलवायचं ठरलं. मग डोंगरीत हजारो झाडांच्या तोडीवरून नवा वाद उभा राहिला.

आता तुम्ही यावर संशोधन करायचं ठरवलंत असं समजा. विषय चांगला आहे, ताजा आहे, लोकलने जाता येतं. पण केस कशाची?

एक उत्तर: सार्वजनिक प्रकल्पाची जागा कशी ठरते आणि कशी बदलते, याची केस. मग तुमच्या अभ्यासाचा विषय गाव नसून निर्णय आहे. तुम्हाला राईत जितकं बसावं लागेल तितकंच एमएमआरडीएच्या कागदांत शिरावं लागेल. अभ्यासाची सुरुवात जागा पहिल्यांदा ठरली तिथे, आणि शेवट ती बदलली तिथे.

दुसरं उत्तर: महानगरपालिकेत सामावलेलं गाव 'गाव' म्हणून कसं बोलतं, याची केस. हे मला जास्त रंजक वाटतं. ग्रामपंचायत असते तिथे ग्रामसभा असते, ठराव होतो, ठरावावर गावाचं मत म्हणून बोट ठेवता येतं. महानगरपालिकेत ग्रामसभा नाही, प्रभाग आहे, आणि प्रभागाची रेघ गावाच्या रेघेवरून जातेच असं नाही. तरीही माणसं एकत्र येतात आणि "गावाचा विरोध आहे" असं म्हणतात. हे 'गाव' कोणाचं बनलेलं असतं? त्यात भाड्याने राहणारे असतात का? सुना असतात का? नव्या इमारतींतले असतात का? या केसमध्ये कारशेड हे फक्त निमित्त आहे. कारशेडआधीचे प्रसंगही तपासावे लागतील, आणि काळ कित्येक वर्षं मागे जाईल.

तिसरं: वाद एका गावातून दुसऱ्या गावात कसा सरकतो, याची केस. इथे राईवर थांबलात तर अभ्यास अर्धाच राहील. डोंगरी हा तुमच्या केसचा भाग आहे. आधीच्या उत्तरात तोच डोंगरी केवळ पार्श्वभूमी होता.

चौथं: मिठागराचं काम बंद होत जाणं, याची केस. मग तुमची माणसंच वेगळी. ज्यांच्या नावावर जागा आहे त्यांच्यापेक्षा ज्यांनी तिथे हंगाम काढले ती माणसं महत्त्वाची, आणि त्यांच्यापैकी कितीतरी आज राईत राहतही नसतील.

ठिकाण एकच, गावं तीच, वर्तमानपत्रांची कात्रणंही तीच. केस मात्र चार. प्रत्येकीची हद्द वेगळी, मुलाखतीची माणसं वेगळी, थांबायची तारीख वेगळी. गाईडकडे जाण्याआधी कागदावर एवढंच लिहा: ही अमुक गोष्टीची केस आहे, हद्द जागेने इथपर्यंत, काळाने इथपासून इथपर्यंत, हद्दीबाहेर अमुक ठेवलं, कारण अमुक. तिसरा भाग लिहिताना हात अडतो. तिथेच जास्त वेळ बसा.

प्रश्न 'कसं' आणि 'का' या वळणाचे असावेत हे तुम्ही वाचलंच असेल. "राईतल्या किती टक्के लोकांचा विरोध होता?" हा सर्व्हेचा प्रश्न आहे, चांगला प्रश्न आहे, पण त्यासाठी सर्व्हेच करावा.

पिंपळे सौदागरचा धडा

'एकाच गावावर' हा आक्षेप आपल्याकडे शंभर वर्षांहून जुना आहे, आणि त्याला दिलेलं एक उत्तरही तितकंच जुनं आहे. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरल्ड मॅन यांनी सहकाऱ्यांबरोबर पिंपळे सौदागर या गावाचा अभ्यास करून तो १९१७ मध्ये प्रसिद्ध केला. होय, तेच पिंपळे सौदागर, जे आज पिंपरी-चिंचवडमध्ये आहे आणि जिथे तुमच्या ओळखीतल्या एखाद्या आयटीवाल्याचा फ्लॅट असेल. तेव्हा ते शेतकऱ्यांचं छोटं गाव होतं. मॅन यांनी जुन्या नोंदींपासून हिशेब लावून दाखवलं की १७७१ मध्ये सरासरी धारणा सुमारे ४० एकर होती, ती १९१५ पर्यंत ७ एकरांवर आली. १५६ खातेदारांकडे मिळून ७२९ तुकडे होते, त्यांतले ४६३ एका एकराहून लहान. जमिनीचे तुकडे पडतात हे सगळ्यांना माहीत होतं. कसे पडतात, कर्जाशी त्याचा काय संबंध, हे एका गावात आत शिरल्यावर दिसलं.

यावर साहजिक शंका आली. हे गाव पुण्याच्या आणि खडकीच्या जवळचं. शहरात मजुरी मिळते, बाजार हाताशी. मग इथे दिसलेलं चित्र दख्खनच्या इतर गावांना लागू कसं होणार? मॅन आणि ना. वि. कानिटकर यांनी यावर आणखी वीस गावं घेतली नाहीत. त्यांनी एक गाव घेतलं, जातेगाव बुद्रुक. शहरापासून लांब, कोरडवाहू. तो अभ्यास १९२१ मध्ये आला.

तुमच्या आराखड्याच्या दृष्टीने या लेखातलं सगळ्यात कामाचं उदाहरण हेच आहे, म्हणून थोडं थांबते. दुसरी केस आकडा वाढवायला घेतलेली नव्हती, पहिल्या केसवरच्या एका नेमक्या शंकेला उत्तर द्यायला घेतली होती. शंका होती 'शहराची जवळीक'. म्हणून दुसरं गाव असं निवडलं की तो एक घटक बदलेल. विज्ञानवाल्यांना हे ओळखीचं वाटेल, कारण ही प्रयोगाचीच चाल आहे. यिन याला प्रतिकृतीचं तर्कशास्त्र म्हणतात: प्रत्येक केस हा सर्व्हेतला एक प्रतिसादक नसतो, तो एक पूर्ण प्रयोग असतो. म्हणून "मी पाच गावं घेणार आहे" असं कोणी म्हणालं की मी विचारते, पाचवं कोणत्या शंकेसाठी? बहुधा उत्तर येतं, "गाईड म्हणाले कमी वाटतात."

अजून एक. गुणात्मक म्हणजे आकडे वर्ज्य असा एक गैरसमज आहे. मॅन यांच्या अभ्यासात आकडेच आकडे आहेत. तुमच्या केसमध्येही असतील: किती हरकती आल्या, किती हंगाम काम चाललं, कोणत्या सालापासून बंद. आकडा टाळायचा नसतो. त्यावरून सगळ्या जिल्ह्याची टक्केवारी काढायची नाही, एवढंच पथ्य.

परत जाऊन पाहण्याचीही आपल्याकडे परंपरा आहे. पुण्याजवळच्या लोणी गावाचं वर्णन थॉमस कोट्स या डॉक्टरने पेशवाई संपल्यावर लगेच, १८२० च्या सुमारास केलं. गो. स. घुर्ये यांनी त्याच लोणीकंदचा पुन्हा अभ्यास करून १९६० मध्ये पुस्तक काढलं. म्हणजे आज तुम्ही राईबद्दल जे नीट लिहून ठेवाल ते उद्या कोणाची तरी आधाररेषा असेल. त्यामुळे तारखा लिहा, प्रत्येक नोंदीवर.

एक माणूस काय सिद्ध करणार?

व्हायव्हामध्ये हा प्रश्न आला तर लंडनची १८५४ ची गोष्ट सांगा. जॉन स्नो यांचा ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाचा नकाशा सगळ्यांना माहीत असतो. ठिपके पंपाभोवती दाट, म्हणून कॉलरा पाण्यातून पसरतो असा कयास. पण ठिपके दाट असण्याचं दुसरं कारणही देता आलं असतं: त्या वस्तीतली हवाच खराब. तेव्हाचे बहुतेक डॉक्टर तेच मानत होते. स्नो यांच्या हाती एक वेगळी नोंद लागली. हॅम्पस्टेडमध्ये, तिथून कितीतरी लांब, एक विधवा बाई कॉलऱ्याने गेली. त्या भागात साथ नव्हती. चौकशी केली तेव्हा कळलं, की ती आधी ब्रॉड स्ट्रीटजवळ राहायची, तिथल्या पाण्याची चव तिला आवडायची, म्हणून रोज गाडीतून ते पाणी ती मागवत असे. तिची भाची येऊन तेच पाणी प्यायली आणि आपल्या घरी, इस्लिंग्टनला परत गेल्यावर तीही गेली. हवा तिथवर पोचत नव्हती, पाणी पोचत होतं. शेकडो ठिपक्यांनी जो निवाडा होत नव्हता तो या एका घराने बराचसा केला.

एक केस अशा वेळी वजनदार ठरते, जेव्हा ती दोन स्पष्टीकरणांमध्ये निवड करायला लावते. ती 'नमुनेदार' असण्याची गरज नाही. उलट विचित्र असली तर बरं. बेंट फ्लिव्हबर्ग यांचा २००६ चा लेख केस स्टडीबद्दलच्या पाच गैरसमजांवर आहे. एका केसवरून सामान्य विधान करता येत नाही हा त्यातलाच एक. इंग्रजी जड नाही, जरूर वाचा.

'पुढे' आणि 'म्हणून'

आता राईकडे परत. वर मी लिहिलं: गावकऱ्यांनी विरोध केला, पुढे कारशेड हलवायचं ठरलं. 'पुढे' लिहिलं, 'म्हणून' लिहिलं नाही. वाचताना तुमच्या मनात मात्र 'म्हणून' उमटलं असणार. वर्तमानपत्रात ते चालतं. थिसिसमध्ये तो 'म्हणून' कमवावा लागतो.

कसा? आधी पर्यायी स्पष्टीकरणं लिहा, आणि ती प्रामाणिकपणे मजबूत करून लिहा. विरोधामुळे जागा बदलली, हे एक. जमीन मिळवण्याचा खर्च आणि वेळ परवडेना, म्हणून बदलली, हे दुसरं. तांत्रिक किंवा पर्यावरण परवानग्यांची अडचण, हे तिसरं. मार्गिका पुढे वाढवायचीच होती आणि त्यात दुसरी जागा सोयीची पडली, हे चौथं. निवडणुकीचं गणित, हे पाचवं. मग प्रत्येकाला विचारा: तू खरं असशील तर कोणता कागद, कोणती तारीख, कोणाचं बोलणं सापडायला हवं? विरोध हे कारण असेल, तर विरोध वाढल्यानंतरच्या बैठकांच्या इतिवृत्तांत पर्यायी जागेचा उल्लेख पहिल्यांदा यायला हवा. तो उल्लेख विरोधाच्या आधीच सापडला, तर पहिलं स्पष्टीकरण डळमळतं. खर्च हे कारण असेल, तर दोन जागांची तुलना करणारा अंदाज कुठेतरी असणार. तो मिळवायला माहिती अधिकार कायदा, २००५ आहे. अर्ज करा, उत्तर येईपर्यंत दुसरं काम करा.

कारणं एकात एक गुंतलेली निघण्याचीच शक्यता जास्त. विरोधामुळे वेळ लागत गेला, वेळेमुळे खर्च वाढला, असं काही. मग तुमचं विधान "विरोध यशस्वी झाला" असं राहणार नाही. "विरोधाने उशीर घडवला, आणि उशिराने दुसरा पर्याय स्वस्त केला" अशा प्रकारचं होईल. ही गृहीतकं आहेत, निष्कर्ष नव्हेत. पण अशा विधानाचा उपयोग राईबाहेर होतो. दुसऱ्या गावात, दुसऱ्या प्रकल्पात हीच साखळी चालते का, ते कोणीही तपासू शकतं. केस स्टडीतून सामान्यीकरण होतं ते असं, यंत्रणेचं. लोकसंख्येचं नाही.

कागद आणि माणसं

पुरावा तीन ठिकाणांहून घ्या, असं प्रत्येक पुस्तक सांगतं: कागद, मुलाखत, निरीक्षण. मग विद्यार्थी तिन्हींत जुळणारं तेवढं उचलतो आणि 'त्रिकोणीकरण झालं' असं लिहितो. खरा माल जुळत नाही तिथे असतो.

प्रत्येक कागदाचा एक लिहिणारा असतो आणि त्याचा हेतू असतो. ठाण्याचं गॅझेटियर १८८२ चं. त्यात मिठाची माहिती भरपूर आहे, कारण मिठावर सरकारचं उत्पन्न होतं. विकास आराखड्याचा मसुदा निघाला की १९६६ च्या नगररचना अधिनियमाप्रमाणे हरकती-सूचना मागवाव्या लागतात. त्या हरकती म्हणजे केस स्टडीवाल्याची खाण, पण त्यात ज्याला अर्ज लिहिता आला किंवा लिहून घेता आला तोच दिसतो. सातबाऱ्यावर ज्याचं नाव तो दिसतो. मिठागरात डोक्यावरून मीठ वाहिलेली बाई यांतल्या कुठल्याच कागदावर नाही. कागदांवरून मुलाखतींची यादी केलीत, तर ती तुमच्या थिसिसमध्येही नसेल.

दुसरा सापळा ओळखीचा. गावात गेलात की पहिल्यांदा जो भेटतो तो बहुधा बोलणारा, पुढारपण करणारा माणूस असतो. तो चांगलाच असतो, चहा पाजतो, आणखी चार नावं देतो. ती चारही त्याच्या बाजूची. या साखळीला पद्धतीच्या प्रकरणात स्नोबॉल असं भारदस्त नाव मिळतं. उपाय साधा आहे. प्रत्येक मुलाखतीच्या शेवटी विचारा: "काका, तुमच्याशी या बाबतीत ज्यांचं पटत नाही असं कोण आहे? त्यांनाही भेटायचंय." बहुतेक जण हसून नाव सांगतात.

"तुम्ही विरोध का केलात?" असं विचारू नका. 'का'ला माणसं तयार उत्तर देतात, सभेत दिलेलं. "हे तुम्हाला पहिल्यांदा कोणाकडून कळलं? त्या दिवशी घरी काय बोलणं झालं?" असं विचारा. आणि क्रियापदं ऐका. जमीन गेली. जमीन घेतली. जमीन दिली. जमीन विकली. चारही वाक्यांत व्यवहार एकच असू शकतो, पण कर्ता प्रत्येकात वेगळा आहे. 'गेली'मध्ये तर माणूसच नाही. तुम्ही कोडिंग करताना चारही 'भूमी हस्तांतरण' या एका खान्यात टाकलीत, तर मुलाखत घेतली नसती तरी चाललं असतं. पहिल्या फेरीत लोकांचेच शब्द कोड म्हणून ठेवा. आगरी बोलीतलं वाक्य प्रमाण मराठीत 'सुधारून' उतरवू नका. अर्थ कळला नाही तर त्याच माणसाला विचारा, नाहीतर घरातल्या धाकट्याला. सॉफ्टवेअर घ्यायलाच हवं असं नाही. पंधरा-वीस मुलाखती एक्सेलमध्ये व्यवस्थित मावतात.

सही

आता ज्या गोष्टीवर पुस्तकं एक परिच्छेद घालवतात आणि गावात सगळं अडतं, ती गोष्ट.

तुमची नीतिमत्ता समिती सांगेल: लेखी संमती घ्या, सहीनिशी. बरोबर आहे. पण जिथे जमिनीवरून वाद चालू आहे, तिथे एक अनोळखी मुलगी कागद पुढे करते आणि म्हणते, "आजी, इथे सही करा, नाहीतर अंगठा चालेल." त्या आजीने आयुष्यभर एकच शिकलेलं असतं, की न वाचता येणाऱ्या कागदावर अंगठा द्यायचा नाही. ती नाही म्हणाली तर तिचं बरोबर आहे. आणि ती हो म्हणाली तर तुम्ही जास्त विचार करायला हवा, कारण तुमच्या फाईलमध्ये आता तिचं नाव, पत्ता आणि अंगठा आहे, शेजारी "माझा विरोध होता" असं वाक्य आहे, आणि वाद अजून मिटलेला नाही.

म्हणून प्रस्ताव देतानाच समितीला लिहून कळवा की तोंडी संमती घेणार, ती ध्वनिमुद्रित करणार किंवा साक्षीदारासमोर नोंदवणार, आणि का. कारण स्पष्ट असलं तर समित्या ते मान्य करू शकतात; मंजुरी मिळाल्यावरच गावात जा. संमतीचा मजकूर बोलीभाषेत, मोठ्याने वाचून दोन मिनिटांत संपेल एवढा ठेवा. त्यात 'मी सरकारची नाही, मेट्रोची नाही, बिल्डरची नाही' हे वाक्य पहिलं. 'यातून तुम्हाला भरपाई किंवा काम मिळणार नाही' हे दुसरं. हे दुसरं सांगायला जड जातं, कारण समोरचा त्याच आशेने बोलत असतो. तरी सांगायचं.

नावं बदलली की काम झालं, असंही नाही. छोट्या गावात टोपणनाव बाहेरच्या वाचकापासून लपवतं, गावातल्या वाचकापासून नाही. "मिठागराला लागून जमीन असलेले, दोन मुलं परदेशात असलेले एक निवृत्त शिक्षक" असं लिहिलंत की नाव न देताही सगळ्यांना कळलं. आणि तुमची थिसिस शोधगंगेवर जाणार, म्हणजे ती गावात पोचणार हे धरूनच चाला. गावाचं नाव लपवणं तर या केसमध्ये शक्यच नाही; 'मेट्रो ९ ची आधीची कारशेड' म्हटलं की राई-मुर्धे आलंच. मग माणसांचे तपशील पातळ करावे लागतात. वय दशकात सांगा, व्यवसाय मोघम ठेवा, गरज पडली तर एका माणसाची दोन मतं दोन वेगळ्या ठिकाणी वापरा आणि ती एकाचीच आहेत हे सांगू नका. असं केलं आहे हे मात्र पद्धतीच्या प्रकरणात एकदा लिहा. काही वेळा सगळ्यात उत्तम वाक्य सोडून द्यावं लागतं, कारण ते कोणाचं हे त्याच्या शैलीवरूनच गावाला कळेल. मला विचाराल तर ते सोडाच.

लिखाण झाल्यावर ज्यांचं बोलणं वापरलं त्यांना तेवढा भाग वाचून दाखवा. थिसिस इंग्रजीत असली तर मराठीतून सांगा. कोणी म्हणेल, "मी असं बोललो होतो, पण आता हे नको." म्हणून माघार घेण्याची मुदत संमतीच्या वेळीच तारखेनिशी सांगून ठेवा: अमुक महिन्यापर्यंत फोन केलात तर तुमचं बोलणं पूर्ण काढून टाकेन, त्यानंतर छापील प्रतीतून काढता येणार नाही. ती तारीख त्यांच्या घरच्या कॅलेंडरवर, त्यांच्यासमोर, पेनाने लिहा, आणि खाली तुमचा नंबर.